पावती काउंटरचा संगणक : मदरबोर्ड बदलाच्या नोंदी

३ जुलै २०२५, गुरुवार

गिरगावातील आमच्या वाचनालयाच्या पावती काउंटरवरचा संगणक आज सकाळी सुरू झाला नाही. बटण दाबले की प्रोसेसरचा पंखा जेमतेम अर्धा फेरा घेतो, थांबतो, दोन-तीन सेकंदांनी पुन्हा तसाच उचकतो, आणि मागचा स्विच बंद करेपर्यंत हेच चालू राहते. मॉनिटरवर काही नाही, बीपही नाही. ग्रंथपाल ताईंच्या सांगण्यानुसार काल संध्याकाळी मशीन व्यवस्थित बंद केलेले होते; रात्री पावसात वीज दोनदा गेली आणि काउंटरमागचा मुख्य स्विच मात्र चालूच राहिला होता.

हे मशीन २०१३ मध्ये असेंबल करून घेतलेले आहे. इंटेलचा कोअर आय५-३४७० प्रोसेसर, एलजीए ११५५ सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) व एच६१ चिपसेट (बोर्डावरील मुख्य चिप) असलेला मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड (पुढे नुसता ‘बोर्ड’), डीडीआर३ रॅमच्या २ जीबीच्या दोन पट्ट्या आणि ४५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) असा त्याचा तपशील आहे. २०१९ मध्ये हार्ड डिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी बसवली. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती आहे, आणि ती २०१६ मध्ये विंडोज ७ वरून मोफत अद्ययावत करून घेतलेली आहे.

कार्यवाहांनी दुपारी फोनवर विचारले की, बारा वर्षांच्या मशीनवर खर्च करण्यापेक्षा नवीनच का घेऊ नये. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर येथे लिहून ठेवतो. आमचा वर्गणीच्या पावत्यांचा प्रोग्रॅम डॉसच्या काळातील १६ बिटचा आहे. तो ३२ बिट विंडोजवर चालतो, ६४ बिटवर चालत नाही, आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच निघालेली नाही. हा प्रोग्रॅम पावती थेट पॅरलल पोर्टवर (प्रिंटरच्या जुन्या पद्धतीच्या जोडणीवर), म्हणजे एलपीटी १ वर पाठवतो, आणि त्या पोर्टला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलेला आहे. शिवाय ग्रंथसूचीतील सुमारे १७ हजार नोंदी युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये टंकलेल्या आहेत. तो फाँट नसलेल्या मशीनवर ही सूची उघडली की पुस्तकांच्या नावांऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा कालवा दिसतो. हे सारे नव्या व्यवस्थेत नेले पाहिजे यात शंका नाही, परंतु ते वर्षभराचे काम आहे आणि जुलैच्या वर्गण्या आज येत आहेत. तोवर हाताने पावत्या लिहाव्यात असे ठरले. कार्बन कागद शोधण्यातच ताईंचा अर्धा तास गेला.

४ जुलै, शुक्रवार

दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी एसएसडी काढून यूएसबी ॲडॉप्टरने ताईंच्या लॅपटॉपला जोडली आणि पावत्यांचा विदा (डेटा), सूची व फाँटचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले. सर्व फाइल्स उघडतात. शेवटची प्रत ३१ मार्चची होती. एसएसडीही जळाली असती तर तीन महिन्यांच्या पावत्या गेल्या असत्या, आणि त्याला मशीनचे वय नव्हे, तर आम्हीच जबाबदार ठरलो असतो.

५ जुलै, शनिवार

वाचनालय बंद झाल्यावर रात्री आठला कॅबिनेट टेबलावर आडवे घेतले. प्रथम ज्या शंका फुकटात किंवा वीस रुपयांत फिटतात त्या फेडल्या. बोर्डावरील घड्याळाचा सीआर२०३२ सेल ३ व्होल्टऐवजी २.७ दाखवत होता. तो बदलला, फरक पडला नाही. रॅमच्या पट्ट्यांचे सोनेरी काठ खोडरबराने पुसून एकेक पट्टी दोन्ही जागी लावून पाहिली, फरक नाही. मग दोन्ही पट्ट्या काढून आणि छोटा स्पीकर जोडून मशीन चालू केले, कारण धडधाकट बोर्ड रॅम नसल्याची तक्रार बीप देऊन करतो. येथे तेवढीही तक्रार आली नाही, म्हणजे बायोसचा (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डातच असलेल्या प्रोग्रॅमचा) पहिला हुकूमसुद्धा चालत नव्हता.

एसएमपीएसची परीक्षा नेहमीच्या पद्धतीने केली. बोर्डापासून सोडवलेल्या २४ पिनच्या कनेक्टरमधील हिरवी तार काळीशी जोडली, भार म्हणून जुनी हार्ड डिस्क लावली आणि मल्टिमीटरने मोजले: १२ च्या जागी १२.१, ५ च्या जागी ५.०६, ३.३ च्या जागी ३.३४ व्होल्ट. पाच टक्क्यांची मुभा धरली तर सर्व आकडे हद्दीत आहेत. येथेच ‘एसएमपीएस ठीक, म्हणजे बोर्ड गेला’ असे लिहून टाकण्याचा मोह झाला होता, परंतु एका हार्ड डिस्कच्या भारावर ठीक दिसणारा एसएमपीएस प्रोसेसरचा भार आल्यावर मान टाकू शकतो, आणि केवळ दुसरे कोणी सापडत नाही म्हणून बोर्डाला दोषी धरणे मला पटत नाही.

निर्णायक ठरली ती पुढची साधी चाचणी. बोर्डाला वीज दोन वाटांनी मिळते: २४ पिनच्या मोठ्या कनेक्टरमधून, आणि केवळ प्रोसेसरसाठी असलेल्या ४ पिनच्या १२ व्होल्टच्या कनेक्टरमधून. हा ४ पिनचा कनेक्टर काढून बटण दाबले, तर पंखे न अडखळता फिरत राहिले. तो पुन्हा लावताच उचकी परत आली. म्हणजे एसएमपीएस थकलेला नव्हता, तो त्या वाटेवरचा शॉर्ट ओळखून स्वतःला बंद करत होता. वीज पूर्ण तोडून त्या चार पिनांमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यातील रोध मोजला, तो ०.६ ओहम भरला. अंतर्गत कामाच्या दुसऱ्या संगणकावर हाच रोध काही हजार ओहम आहे. शेवटी प्रोसेसर उचलून पुन्हा मोजले, तरीही ०.६. प्रोसेसर जागेवर नसतानाही शॉर्ट कायम असेल, तर तो प्रोसेसरच्या आत नाही, बोर्डावर आहे.

एक शंका मात्र उरते, आणि ती महत्त्वाची आहे. १२ व्होल्टचे प्रोसेसरला लागणारे साधारण एक व्होल्ट करण्याचे काम सॉकेटशेजारचे मॉस्फेट जोडीजोडीने करतात. जोडीतील वरचा मॉस्फेट शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट थेट प्रोसेसरवर जाऊ शकतात. म्हणून या प्रोसेसरची दुसऱ्या बोर्डावर परीक्षा झाल्याखेरीज त्याच्यासाठी बोर्ड विकत घ्यायचा नाही.

बोर्ड बाहेर काढल्यावर मागच्या बाजूला, ऑडिओच्या छिद्रांजवळ, पांढुरकी-हिरवी बुरशीसारखी पुटे दिसली. काउंटरच्या खिडकीतून चौपाटीचा खारा वारा थेट कॅबिनेटच्या पाठीवर येतो. पत्र्याच्या कडाही गंजल्या आहेत. टेबलाची दिशा बदलण्यास एक रुपया लागत नाही, आणि बारा वर्षांत ती कोणी बदलली नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. लॅमिंग्टन रोडवरील बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात, त्यामुळे काम नाही.

७ जुलै, सोमवार

पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आणि सर्वांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड, अशा त्या रस्त्यावर ऑपेरा हाउसच्या बाजूने चालत गेलो. प्रोसेसर अँटिस्टॅटिक पिशवीत, बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून छत्रीखाली.

प्रथम पहिल्या मजल्यावरील एका चिप लेव्हल (बोर्डावरचे सुटे भाग बदलणाऱ्या) दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने स्वतःच्या बोर्डावर माझा प्रोसेसर बसवला आणि मिनिटभरात डिस्प्ले आला, तेव्हा जीव भांड्यात पडला. मग त्याने आमच्या बोर्डावर मीटर टेकवून एका फेजचे (जोडीचे) वरचा व खालचा असे दोन्ही मॉस्फेट शॉर्ट असल्याचे दाखवले, जे माझ्या मापनाशी जुळते. दुरुस्तीचे ९०० रुपये सांगितले, पण हमी दिली नाही: “मॉस्फेट बदलून देतो काका, पण त्याने ड्रायव्हर आयसी (मॉस्फेट चालवणारी चिप) पण नेला असेल तर पुन्हा उडेल. आणि मागे गंज आहे, तो कुठपर्यंत गेलाय ते मी सांगू शकत नाही.” एवढ्या स्पष्टपणे बोलणारा माणूस भेटला म्हणून बरे वाटले, आणि त्याच्याच बोलण्यावरून दुरुस्तीचा विचार सोडला.

बोर्ड शोधण्यात तीन तास गेले. एच६१ चे ‘नवीन’ बोर्ड आजही मिळतात, पण हा चिपसेट २०११ चा. दुकानदारानेच सांगितले की असे बोर्ड नवे असले तरी त्यांवरील चिपसेट जुन्या बोर्डांवरून उतरवलेला असतो. मला त्याचे वावडे नव्हते, अडचण निराळी होती: अशा एकाही बोर्डावर पॅरलल पोर्ट नव्हता. यूएसबीची पॅरलल केबल घ्या, असा सल्ला चार ठिकाणी मिळाला; ती केबल विंडोजला यूएसबी प्रिंटर म्हणून दिसते, एलपीटी १ म्हणून नाही, आणि आमचा प्रोग्रॅम दुसऱ्या कोणाशी बोलत नाही.

अखेर जुन्या बोर्डांच्या दुकानात दोन जुळणारे सापडले. पहिल्याच्या सॉकेटवरील काळे झाकण काढून मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठे करून पाहिले, तर एका कोपऱ्यातील तीन पिना आडव्या झालेल्या होत्या. या जातीच्या सॉकेटमध्ये सर्व १,१५५ पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरला फक्त सपाट टिकल्या असतात. त्यामुळे बोर्ड जुना घेताना तेथे आधी पाहावे, कॅपॅसिटर नंतर. दुसरा बोर्ड स्वच्छ होता. पॅरलल पोर्ट मागे नव्हता, पण बोर्डावर त्याचे हेडर (पिनांची रांग) होते आणि त्याचा ब्रॅकेट (पोर्ट मागे आणणारी पट्टी) १२० रुपयांत मिळाला. दुकानदाराने स्वतःचा प्रोसेसर लावून डिस्प्ले दाखवला. १,८०० रुपये, सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी. जुन्या हीटसिंकची (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याची) एक प्लास्टिकची खुंटी काढताना तुटली होती, म्हणून पंख्यासह नवा हीटसिंक ३५० रुपयांना घेतला.

८ जुलै, मंगळवार

नवा बोर्ड जुन्यापेक्षा अरुंद असल्याने उजवीकडच्या रांगेतील स्क्रूंसाठी त्याला छिद्रे नाहीत. त्या रांगेतील पितळी आधार आधी काढून टाकले, कारण छिद्राखाली नसलेला आधार बोर्डाच्या पाठीला टेकला तर तेथेच नवा शॉर्ट होतो. मागच्या जोडणीच्या छिद्रांभोवतीची पत्री जुन्या बोर्डाचीच राहून चालत नाही. सुदैवाने दुकानदाराने जुळणारी दिली होती. प्रोसेसर बसवला, तांदळाच्या दाण्याएवढी उष्णतावाहक पेस्ट मधोमध ठेवली, हीटसिंकच्या खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांनी दाबल्या. समोरच्या बटणाच्या तारा उलटसुलट लागल्या तरी चालतात, दिव्यांच्या चालत नाहीत.

पंखे व्यवस्थित फिरले. डिस्प्ले आला नाही.

रात्री साडेदहापर्यंत रॅम, केबल, मॉनिटर बदलत बसलो आणि एका क्षणी प्रोसेसरवरच पुन्हा संशय घेऊ लागलो. घरी जाताना उलगडा झाला. एलजीए ११५५ सॉकेटमध्ये प्रोसेसरच्या दोन पिढ्या बसतात, २०११ ची सँडी ब्रिज आणि २०१२ ची आयव्ही ब्रिज. माझा ३४७० दुसऱ्या पिढीतील. दुकानात डिस्प्ले दाखवण्यासाठी लावलेला पेंटियम पहिल्या पिढीतील. बोर्डाचा बायोस आयव्ही ब्रिजच्या आधीचा असेल, तर सॉकेटमध्ये नेमका बसलेला हा प्रोसेसर त्याला ओळखताच येणार नाही. माझा प्रोसेसर खिशात असताना दुकानात तोच लावून पाहण्यास मी सांगितले नाही, ही चूक माझी.

१० जुलै, गुरुवार

कयास बरोबर निघाला. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलची, त्याच आवृत्तीची बायोस फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन गेलो होतो. दुकानदाराने पेंटियम लावून ती चढवली. ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होतो, त्यामुळे ते यूपीएसवर केले. नंतर माझा प्रोसेसर लावताच डिस्प्ले आला. त्याने पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला.

१२ जुलै, शनिवार

बोर्ड पुन्हा बसवला, एसएसडी जोडली, विंडोजचे चिन्ह उमटले आणि लगेच निळा पडदा: ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’. एसएसडी कालपर्यंत ताईंच्या लॅपटॉपवर वाचता येत होती, म्हणजे डिस्क बिघडलेली नाही, तिच्याशी बोलण्याची रीत बदललेली आहे. जुना बोर्ड असेंबल करणाऱ्याने २०१३ मध्ये साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड आयडीई, म्हणजे जुन्या रीतीचा, ठेवला असणार. नव्या बोर्डात तो एएचसीआय, म्हणजे नव्या रीतीचा, होता. विंडोज सुरू होताना आपल्याला सवयीचा तेवढाच ड्रायव्हर (डिस्कशी बोलणारा प्रोग्रॅम) चढवते, आणि त्या ड्रायव्हरला एएचसीआय कळत नाही.

मोड आयडीई केला आणि विंडोज उघडले. काम येथे संपले असते, पण एसएसडीसाठी एएचसीआय चांगला, म्हणून तो बदल रीतसर केला: एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज कसे सुरू व्हावे हे ठरवणाऱ्या साधनात) सेफ बूटवर खूण केली, मशीन पुन्हा सुरू करताना बायोसमध्ये जाऊन एएचसीआय निवडला, सेफ मोडमध्ये विंडोजला तो ड्रायव्हर स्वतःहून उचलू दिला, आणि मग ती खूण काढली. पुढच्या वेळी मशीन सरळ उघडले. पुन्हा विंडोज टाकावे लागले नाही, याचे मोल फाँट आणि पावत्यांचा प्रोग्रॅम यांची मूळ फ्लॉपी कोणाकडेच नाही हे ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल.

आज पहिल्यांदा स्पष्ट जाणवले की मी बदललेली वस्तू केवळ एक हिरवी पाटी नव्हती. साटाचा मोड कोणी कोठे लिहून ठेवला नव्हता. तो त्या बोर्डात होता आणि त्याच्याबरोबर गेला. असे आणखी काय काय गेले असेल, याची यादी करावयास घेतली.

१३ जुलै, रविवार

यादीतील पहिले दोन विषय आज आपणहून समोर आले. प्रिंटर मुका होता, कारण नव्या बायोसमध्ये पॅरलल पोर्ट बंद ठेवलेला होता. तो चालू केला, पत्ता ३७८ आणि आयआरक्यू (प्रोसेसरला हाक देण्याचा क्रमांक) ७ ठेवला, आणि ईसीपी या वेगवान मोडऐवजी साधा मोड निवडल्यावर अक्षरे नीट उमटू लागली. मात्र पावती छापण्यास प्रोग्रॅमने नकार दिला: मागील पावतीपेक्षा आधीची तारीख. बायोस चढवल्यावर घड्याळ १ जानेवारी २०१२ वर गेले होते. बायोसच्या पडद्यावर मी चार वेळा जाऊन आलो आणि उजव्या कोपऱ्यातील तारखेकडे एकदाही पाहिले नाही. जुन्या प्रोग्रॅमची ही खबरदारी पाहून त्याच्याविषयीचा आदर वाढला. एखाद्या नव्या प्रोग्रॅमने निमूटपणे २०१२ ची पावती छापली असती. चाचणीची पावती ताईंनी स्वतःच्या वर्गणीची फाडली. नावे त्यावर आजही रोमन लिपीतच येतात.

१५ जुलै, मंगळवार

इंटरनेट चालत नव्हते. आमच्या इमारतीतील केबलवाल्याची तार थेट या मशीनमध्ये येते आणि त्याने जोडणी जुन्या बोर्डाच्या मॅक पत्त्याशी (नेटवर्कवरील ओळख क्रमांकाशी) बांधलेली होती. नेटवर्क कार्डच्या गुणधर्मांत जुना पत्ता भरून काम भागवता आले असते, पण खोट्या नावाने वावरणारे मशीन पुढच्या माणसाला कोड्यात टाकते. फोन केला, त्याने अर्ध्या तासात नवा पत्ता नोंदवला.

परवान्याचे तसे सहज सुटले नाही. पडद्याच्या कोपऱ्यात विंडोज ॲक्टिव्हेट करण्याची सूचना आली आहे. मूळ विंडोज ७ मशीनबरोबर आलेले ओईएम (त्या मशीनपुरत्या परवान्याचे) होते, आणि ओईएम परवाना दुसऱ्या बोर्डावर नेता येत नाही. शिवाय विंडोज १० ला मिळणारा आधार (सुरक्षेच्या सुधारणा) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपतो आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. कार्यवाहांना मी असे सुचवले आहे की परवाना नव्याने घ्यावा, ऑक्टोबरपूर्वी या मशीनची इंटरनेटची तार काढून ती ताईंच्या लॅपटॉपकडे न्यावी, आणि सूचीचे युनिकोडमध्ये रूपांतर याच वर्षी सुरू करावे. त्यांनी विषय समितीपुढे ठेवण्यास होकार दिला.

१९ जुलै, शनिवार

मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवला, चूक नाही. प्रोसेसरवर दोन तास पूर्ण भार दिला. तापमान ६८ अंशांवर स्थिर राहिले. सोमवारपासून काउंटरवर रोजच्या पावत्या मशीनवरच निघत आहेत, आणि हाताने लिहिलेल्या ६३ पावत्या ताईंनी दोन दुपारी बसून चढवल्या.

खर्च: बोर्ड १,८००, हीटसिंक ३५०, ब्रॅकेट १२०, सेल २०, एकूण २,२९० रुपये. परवाना यात धरलेला नाही.

टेबल भिंतीकडे वळवले. खिडकीचा वारा आता कॅबिनेटवर येत नाही, ताईंच्या मानेवर येतो; त्यांची हरकत नाही. रात्री काउंटरमागचा मुख्य स्विच बंद करण्याचे काम वॉचमनकडे दिले.

कॅबिनेटच्या आतल्या बाजूस एक कागद चिकटवला आहे. त्यावर बोर्डाचे मॉडेल व बायोसची आवृत्ती, साटाचा मोड, पॅरलल पोर्टचा पत्ता व मोड, मॅक पत्ता, सेल बदलल्याची तारीख, आणि परवान्याच्या पुढे एक रिकामी रेघ.